दही गप्प बसतो

सोलापूर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आक्का,
सा. नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर जे झालं त्याबद्दल मी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. ह्यांचा काल मस्कतहून फोन होता. म्हणाले, "तुम्ही दोघी नणंदा-भावजया फोनवर भांडता आणि पोरगी पलंगाखाली जाऊन बसते. काय सांगायचं ते कागदावर सांगा. कागद ओरडत नाही." म्हणून लिहिते आहे. दाजी रेल्वेच्या कामाला दर मंगळवारी सोलापूरला येतातच. तुमचा डबा आणतात, तसं पत्रही नेतील.

बातमी अशी की आरोहीसाठी मी ससे आणलेत. आमच्या दवाखान्यातल्या हारूनभाईंच्या घरी पिल्लं झाली होती, त्यातले दोन. एक तांबूस, आखूड केसांचा. दुसरा पांढरा, आणि त्याचे केस इतके लांब की डोळे शोधावे लागतात. नावं आरोहीनेच ठेवली. तांबडा तो चटणी आणि पांढरा तो दही.

ससे आल्यापासून तिने "कुर्डुवाडीला कधी जायचं" हे एकदाही विचारलेलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

तुम्ही तिला पाच वर्षं सांभाळलंत हे मी नाकारत नाही. मंगळवेढ्याला माझी रात्रपाळी, हे परदेशात. तुम्ही नसतात तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. पण आता बदली झाली, दिवसपाळी मिळाली. जूनमध्ये सगळ्यांसमोर ठरलं तसं संक्रांतीपर्यंत बघायचं. रमली तर इथे राहील, नाही रमली तर तुमच्याकडे. ती रमते आहे.

आणखी एक. शाळेला जाताना मी तिच्या दोन वेण्या घालते. हूं की चूं करत नाही. तुमच्याकडे वेणीच्या वेळी गल्ली गोळा व्हायची म्हणे. माझ्यापुढे पुतळ्यासारखी बसते. दहीच्या केसांतही फार गुंता होतो. त्याला मांडीवर उताणा घेऊन फणी फिरवली की तोही तसाच गप्प. माझा हात हलका असावा.

दाजींना मेथीचे पराठे दिले होते. पोचले का?

तुमची,
रेश्मा


कुर्डुवाडी,
१३ ऑक्टोबर

चि. सौ. रेश्मास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी यांनी वाचून दाखवलं, मग मी वाचलं, मग हे ड्यूटीवर गेल्यावर परत वाचलं. पराठे पोचले. मीठ कमी होतं.

ससे आणलेस, चांगलं केलंस. पोरीला आई पुरत नसली म्हंजे असं कायतरी आणावंच लागतंय.

गप बसती म्हंतीस, तर बसू दे. माझ्याकडं बसत न्हवती हे खरं हाय. सकाळी फणी हातात घेतली की पोरगी दारातनं बाहेर, मी तिच्या मागं, आन समोरची मथुराबाई तिच्या उंबऱ्यात चहा घेऊन बसायची, सिनेमा बघाय बसल्यागत. आता मथुराबाई विचारती, "वैजयंती, तुमच्या घरात सकाळी लई शांतता असती गं?" काय सांगायचं तिला.

तुझा हात हलका आसंल. तू नर्स हायेस. मी दोन शेळ्या राखणारी बाई.

डब्यात शेंगाची चटणी दिलीया, ती पोरीची हाय. जास्त तिखट केली न्हाय. तुझ्या त्या तांबड्या चटणीला चारू नगंस.

दिवाळी आली. आपल्या घरची रीत तुला ठावं हाय, तरी सांगते. पहिल्या आंघोळीला घरात कुणी कोरडं ऱ्हात न्हाय. करकंबला तुझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या घरी शेळीला, कुत्र्याला, वासराला, समद्यांना तेल-उटणं लागायचं. हितं पोरीनं दर साल माझ्या शेळ्यांना आपल्या हातानं तेल लावलंय. आता तुझ्या घरात दोन जीव वाढलेत. त्यांना कोरडं ठिवू नगंस. ती विचारणार, आन तुझ्यापाशी उत्तर नसायचं.

संक्रांतीपतूर बघू म्हंजे बघू. मी काय कुटं पळून चालले न्हाय.

तुझी आक्का


सोलापूर,
२२ ऑक्टोबर, पाडवा

आक्का,

नमस्कार लिहिण्याइतकं मन आज जाग्यावर नाही.

पहिल्या आंघोळीला आरोहीला न्हाऊ घातलं, मग तुम्ही सांगितलं होतं तसं ससे घेतले. आरोहीला सकाळपासून तोच ध्यास होता. "आक्काकडे शेळीला करतो तसंच करायचं ना आई?" मला वाटलं, तुमच्या घरी जे होतं ते माझ्याही घरी होतं, हे तिला दिसू दे. चटणी काही हाती लागला नाही, कपाटामागे गेला. दही सापडला. मी त्याला तेल लावलं, उटणं लावलं, कोमट पाण्याच्या टबात धरलं. तो हलला नाही. मी आरोहीला म्हटलं, "बघ, किती शहाणा आहे! तुझ्या आक्काच्या शेळ्यांपेक्षा शहाणा."

ती म्हणाली, "आई, शेळी ओरडते. हा का ओरडत नाही?"

मी म्हटलं, "त्याला आवडतंय."

आक्का, त्याला टबातून उचललं तेव्हा त्याची मान माझ्या हातावर लोंबली. कान गार पडले होते. नाडी बघायची माझी रोजची सवय, पण त्या एवढ्याशा छातीत ठोके इतके वेगात चालले होते की मोजता येईनात. नव्या कपड्यांत तशीच रिक्षा केली. जनावरांच्या डॉक्टर सबा आमच्या दवाखान्यामागेच राहतात. दिवाळी असून त्यांनी दार उघडलं. त्याला टर्किश टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं, कोरडं केलं. मग मला म्हणाल्या, "सशाला आंघोळ घालायची नसते, ताई. कधीच नाही."

मी म्हटलं, "पण तो इतका शांत होता..."

त्या म्हणाल्या, "शांत नव्हता. गोठला होता. ससा फार घाबरला की असाच होतो. उताणा धरला तरी हेच. लोकांना वाटतं, काय गुणी आहे! लाथा झाडणारा ससा परवडला. त्याला निदान सुटायची आशा असते."

जगला. पण अंगावरचं तेल तसंच आहे, पाण्याने काढता येत नाही, लांब केसांचे दोरखंड झालेत. आता तो पलंगाखालून बाहेर येत नाही. आरोही त्याच्याजवळ आडवी पडून असते आणि माझ्याशी बोलत नाही. फराळाच्या ताटालाही हात लावला नाही तिने.

तुम्हाला एकच विचारते. तुम्ही मुद्दाम सांगितलंत ना? संक्रांतीपर्यंत धीर निघाला नाही?

रेश्मा


कुर्डुवाडी,
३ नोव्हेंबर

रेश्मा,

मुद्दाम म्हंतीस? परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला तवा मी त्याला एक शब्द सांगितला न्हाय. तुझ्या या पत्राबद्दल पण न्हाय. तू सांगितलंस का, ते मला ठावं न्हाय.

अगं बाई, सशाचं मला काय कळतंय? मी जन्मात ससा हातात धरला न्हाय. मला शेळ्या ठावं हायेत. शेळीला आंघोळ घाल, ती चार गल्ल्या गोळा करती, तुझ्या पोटरीवर लाथ घालती, आन सोडली की अंग झाडून पाला खाय लागती. मला वाटलं, समद्या जनावराचं असंच आसंल. रीत सांगितली ती मनापासनं सांगितली. या घरात कुणी कोरडं ऱ्हाऊ ने, एवढंच.

पण आता लिवतेच हाय तर खोटं कशाला लिवू. तुझं पत्र वाचलं तवा पहिल्यांदा त्या मुक्या जीवाचं वाईट वाटलं. त्याच्या पाठोपाठ, भाकरी तव्यावर असतानाच, मनात आलं की आता पोरगी माघारी येती. भाकरी करपली. मी उठून तिची खोली झाडली, तिची गोधडी उन्हात टाकली. मग माझी मलाच लाज वाटली. पण गोधडी काय उचलून ठिवली न्हाय.

आता एक माझं ऐक. त्या डाक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तू मला लिवलंस. तू स्वतः वाचलंस का? ससा गप बसला म्हंजे त्याला आवडतंय असं न्हाय, भ्यालेला असतोय. मी ते वाचलं, आन तुझं आधीचं पत्र डब्यातनं काढून परत बघितलं. पोरगी तुझ्याम्होरं पुतळ्यासारखी बसती, हे तूच लिवलं हायेस. लई हौसेनं लिवलं हायेस.

माझ्याकडं ती ओरडायची.

आक्का


सोलापूर,
१७ नोव्हेंबर

ती. आक्का,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी फाडलं. आरोही शाळेतून यायच्या आत तुकडे गोळा करून चिकटवलं. दोन्ही गोष्टी केल्या, त्या तुम्हाला सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी तिला आरशासमोर बसवलं. खांदे कानापर्यंत आलेले. श्वास धरलेला. मुठीत फ्रॉकची कड. मी केस सोडवत होते तेवढा वेळ ती डोळे उघडे ठेवून आरशातल्या एका कोपऱ्याकडे बघत होती. रोज अशीच बसत असणार. मी मागून फक्त भांग बघत होते, किती सरळ पडतो ते. मी इंजेक्शन देते तेव्हा पेशंटचे खांदे आधी बघते. घरात बघितले नाहीत.

त्या दिवशी मी वेणी अर्धी सोडली. "राहू दे, आज मोकळे ठेव," म्हटलं. शाळेतून चिठ्ठी आली, केस बांधून पाठवा म्हणून.

दहीचं सांगते. डॉ. सबांनी पाणी, साबण, पावडर सगळं बंद केलंय. तेल ओढून घ्यायला मक्याचं पीठ चोळायचं, बोटांनी गुंता सैल करायचा, मग मऊ ब्रश. आणि तेही तो स्वतः जवळ आला तर. ओढून आणायचा नाही. म्हणून ड्यूटीवरून आले की मी जमिनीवर बसते, त्याच्याकडे पाठ करून. शेजारी कोथिंबिरीची काडी आणि ब्रश ठेवते. बघायचंसुद्धा नाही त्याच्याकडे. बरेच दिवस काहीच झालं नाही. चटणी तेवढा यायचा, कोथिंबीर खायचा आणि मागचा पाय दाणकन आपटून जायचा. मला शिवी दिल्यासारखा. मग एकदा पाठीला काहीतरी ओलं, मऊ लागलं. नाक होतं. लागलं आणि गेलं. आक्का, मी हलले नाही, पण मला ओरडावंसं वाटलं.

आता तो ब्रशचा वास घेतो, मग एका बाजूचे थोडे केस करू देतो. मध्येच उठून जातो. गेला की मी थांबते.

आरोही दारात उभी राहून हे सगळं बघते. आत येत नाही.

आता विचारते ते विचारायला मला फार जड जातं आहे, हे तुम्ही ओळखालच. तुम्ही तिची वेणी कशी घालत होता? काय म्हणत होता, कुठे बसवत होता, आधी काय करत होता? ती तुमच्यासमोर ओरडत होती म्हणजे तुम्ही असं काय करत होता?

तुमची,
रेश्मा


कुर्डुवाडी,
२४ नोव्हेंबर

चि. सौ. रेश्मास,
आशीर्वाद.

न्हाय सांगणार.

पोरगी दिली. तिची कापडं दिली, तिचं दप्तर दिलं, तिला झोपताना कुठलं गाणं लागतंय ते सांगितलं, वरणात गूळ लागतोय ते सांगितलं. आता तेवढं एक माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.

आन दुसरं. मंगळवारी हे घरी येत्यात तवा यांच्या पँटीवर पांढरे केस असत्यात. बसून एकेक वेचावा लागतोय. विचारलं तर म्हंतात, "अगं, चटणी माझ्या मांडीवर बसला, त्याच्यामागनं तो पांढरा पण आला. काय गरम अंग असतंय त्याचं!" इतक्या सालात माझ्या स्वैपाकाचं असं कौतुक यांनी केलेलं मला आठवत न्हाय. मी म्हटलं, "मग तितंच ऱ्हावा की." तर हसत्यात.

म्हंजे पोरगी तितं. आता नवरा पण तितं. शेळ्या तेवढ्या हितं हायेत.

मेथी निवडून दिलीया. ती सशांची. डाक्टरीणबाईंना आधी विचार. मागनं मला बोल लावशील.

आक्का


सोलापूर,
१४ डिसेंबर

ती. आक्का,
सा. नमस्कार.

मेथी चालते, पण थोडी. विचारलं मी. दहीने खाल्ली, चटणीने दहीच्या तोंडातली ओढून खाल्ली.

तुम्ही सांगितलं नाहीत, ते ठीक आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं. खरं म्हणजे मी तर चुकीचं सांगितलं असतं.

गेल्या रविवारी एक झालं ते लिहिते. मी जमिनीवर बसले होते, दहीला ब्रश हुंगायला दिला होता. आरोही आत आली आणि माझ्याशेजारी, पण माझ्याकडे पाठ करून बसली. मला वाटलं सशासाठी बसली आहे. दहीची डावी बाजू झाली. पोटाखाली एक मोठा गुंता राहिलाय, तिथे हात नेला की तो उठून जातो, तसा गेला. मी ब्रश खाली ठेवला.

आरोही म्हणाली, "तो गेला तर तू त्याला ओढलं नाहीस."

मी म्हटलं, "ओढलं तर परत येणार नाही ना."

"आणि त्याला आधी विचारतेस."

"हो. वास घेऊ देते."

तिने ब्रशमधले पांढरे केस उपटून काढले. मग म्हणाली, "मला विचारत नाहीस. नुसती फणी घालतेस."

आक्का, मी उठून फणी आणली आणि तिच्यापुढे धरली. तिने खरंच वास घेतला! नाक वरखाली करून, अगदी दहीसारखा. मग म्हणाली, "आज नको." मी फणी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेतून चिठ्ठी आली. मी मॅडमना भेटून आले. म्हटलं, थोडे दिवस चालवून घ्या.

हे तुम्हाला का लिहिते आहे, मला कळत नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, त्यात काय! तुम्ही म्हणणार नाही.

खाली आरोहीला लिहायचं आहे.

रेश्मा

आक्का मी आरोही. दही धाडकन आडवा पडला आणि पाय ताणले आणि डोळे बंद. आई रडायला लागली. मी पण रडले. पण तो मेला नव्हता. सबा मॅडम म्हणाल्या सशाला भीती वाटत नाही तेव्हा तो असा पडतो. मग पण आई रडतच होती. शेळ्यांना सांग. आणि चटणी संपली. खायची.


सोलापूर,
६ जानेवारी २०२६

ती. आक्का,
सा. नमस्कार.

दाजी आज पहाटेच्या गाडीनेच आलेत. गॅलरीत सशांना गाजराचा पाला घालत बसलेत, तेवढ्यात घाईने लिहिते आहे. त्यांच्याच हाती देते.

आज सकाळी आरोही ओरडली.

रोज विचारते तसं विचारलं, तिने फणी हुंगली आणि म्हणाली, "घाल." मी अगदी सावकाश घेत होते. मानेजवळ एक गाठ होती, बरेच दिवस न विंचरल्याची. तिथे फणी अडकली आणि ती जी ओरडली, आक्का! खालच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवत आल्या. "काय झालं हो सिस्टर, पोरीला मारता की काय?" तिने माझा हात ढकलला, फणी हिसकावून भिंतीवर मारली, पाय आपटला, आणि म्हणाली, "तुला येतच नाही!" चटणी घाबरून कपाटामागे. दही तिथेच बसून तोंड हलवत होता.

मी दारातल्या बाईंना म्हटलं, "काही नाही, वेणी घालतोय." आणि माझं हसू थांबेना. त्या माझ्याकडे अशा बघत गेल्या की उद्या मजल्यावर काय चर्चा होईल ते मी आत्ताच सांगते.

मग आरोही स्वतः फणी उचलून घेऊन आली, परत पुढ्यात बसली, आणि पुन्हा ओरडली. दोन वेण्या झाल्या. वाकड्या झाल्या.

काय ओरडली, ते विचारू नका. ते मी सांगणार नाही. तुम्हीही मला एक गोष्ट सांगितली नाहीत.

संक्रांत पुढच्या आठवड्यावर आली. ह्यांचा फोन आला होता, म्हणाले, "तुम्ही दोघींनी काय ते ठरवा, मी इथून काय बोलू?" ठरलं होतं ते ठरलं होतं. मुलगी रमली का, हे आता मी म्हणून चालणार नाही. मागे एकदा म्हटलं होतं, तेव्हा चुकले होते. तुम्ही सांगा. तुम्ही न्यायला आलात तर मी दार अडवणार नाही, एवढं लिहून देते. पण सध्या बॅग भरलेली नाही.

तुमची,
रेश्मा


कुर्डुवाडी,
१२ जानेवारी

चि. सौ. रेश्मास,
अनेक आशीर्वाद.

काय ओरडली ते तू सांगितलं न्हाईस, पण यांनी सांगितलं. गॅलरीत बसून समदं ऐकलं यांनी. घरात पाऊल ठिवायच्या आधी दारातनंच सांगितलं, "तुझ्या नावानं ओरडली गं! 'आक्का, मेले गं' म्हणून ओरडली."

मी हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. तू ते का लपवलंस ते मला कळतंय. तुझ्या हातात फणी आन तोंडात माझं नाव. कुणाला सोसंल?

आता माझं ऐक. तू इचारलं होतंस तवा मी न्हाय सांगणार म्हटलं होतं. सांगण्यासारखं कायच न्हवतं, म्हणून सांगितलं न्हाय. पोरगी ओरडायची, मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. ती म्हणायची दुखतंय, मी म्हणायची मला पण दुखतंय, माझा हात दुखतोय, तुझं डोकं हाय का काट्याचं बेट! ती पळायची, मी धरायची, मथुराबाई तिकडनं हसायची. एवढंच. तेवढंच माझ्यापाशी होतं, आन तुला वाटलं मी काय मोठी विद्या दडवून ठिवलीया. वाटू दिलं मी.

पण एक खरंच दडवलं होतं. पाच वर्षं ती माझ्या हाताखाली ओरडली, आन रोज 'आई गं' म्हणून ओरडली. समदी पोरं असंच ओरडत्यात, ठावं हाय मला. मी पण असंच ओरडते. पण फणी माझ्या हातात, तेल माझं, मांडी माझी, आन हाक तुला. रोज सकाळी. मंगळवेढ्यात तू झोपलेली असायचीस रात्रपाळी करून, आन हितं गल्लीभर तुझ्या नावाचा पुकारा. कितीदा वाटायचं, एकदा तरी पोरीनं माझ्या नावानं ओरडावं.

तर ओरडली. तुझ्या घरात ओरडली. हाक लांब असलेल्याला जाती. म्हंजे ती आता तितलीच झाली.

गोधडी मी उचलली. यांच्याकडं देऊन धाडतीया. तितं थंडी कमी असती, पण पोरीला तिचा वास लागतोय.

उद्या भोगी हाय. पोरीचं डोकं धू. गुंता होणार, ती ओरडणार, तू पण ओरड. खालच्या बाईला काय म्हणायचं ते म्हणू दे. बाजरीची भाकरी डब्यात हाय, तीळ लावलेली. दहीला मात्र पाणी दावू नगंस. आमच्या घरची रीत ससे सोडून.

परवा संक्रांतीला मी येते. न्यायला न्हाय. गड्ड्याच्या जत्रेत पोरीला मोठ्या पाळण्यात बसवायचं म्हणून येते. तू पण चल. तुला भ्या वाटतंय हे डिग्यानं, तुझ्या नवऱ्यानंच, सांगितलंय मला. चल तरी.

आन यांच्या पँटीवरनं इतके दिवस ज्याचे केस वेचतीया, तो दही एकदा बघायचा हाय. मी त्याला हात लावायची न्हाय, भिऊ नगंस. भिंतीकडं तोंड करून जमिनीवर बसीन. कोथिंबीर घेऊन येते.

आला तर आला.

तुझी आक्का